गोलपोस्टामागचे मामा

आमच्या क्लबाची एकही मॅच मामांनी चुकवली नाही, आणि एकही मॅच त्यांनी पाहिली नाही. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. शिट्टी वाजली की मामा आमच्या गोलपोस्टाच्या मागे येऊन मैदानाकडे पाठ करून उभे राहत. हाफ टाइमला बाजू बदलली की डोक्यावरची काळी टोपी सारखी करत, मान खाली घालून रेषेच्या बाहेरून चालत दुसऱ्या टोकाला जात आणि तिथेही आमच्याच गोलामागे पुन्हा पाठमोरे. मी त्या क्लबाचा गोली होतो. आमच्यासारख्या क्लबाला गोलाची जाळी वगैरे परवडणारी नव्हती, त्यामुळे माझी पाठ आणि मामांची पाठ यांच्यामध्ये फक्त मोकळी हवा असायची.

"काय झाला रे, गोली?"

हा प्रश्न सबंध मॅचभर माझ्या मानेवर येऊन आदळायचा. मी समोरची नजर न काढता उत्तर द्यायचो.

"काही नाही मामा. बॉल मधल्या रेषेवर आहे."

"कोणाकडे?"

"आपल्याकडे."

"मगे आता जातलो."

आणि तो जायचाच. आमचा क्लब तसाच होता. मी म्हणायचो, "गेला मामा, त्यांच्याकडे गेला." यावर मामा मोठा उसासा टाकायचे, आणि त्या उसाशात दुःखापेक्षा समाधानच जास्त असायचं असा मला संशय आहे.

माझं घर गिरगावातलं. ऑफिसातल्या एका मित्राने मला लालबागच्या या क्लबात नेलं, कारण त्यांचा गोली गावी गेला तो परतलाच नव्हता. पहिल्या दिवशी गोलामागे एक गृहस्थ भिंतीकडे तोंड करून उभे दिसले, तेव्हा मला वाटलं ते आडोशाला गेले आहेत. मी सभ्यपणे थोडा पुढे सरकलो. तर मागून आवाज आला, "पुढे जाव नको रे बाबा, डोक्यावरसून घालतीत." मी मागे आलो. पुढच्याच मिनिटाला खरोखरच डोक्यावरून एक लांब फटका आला आणि मी तो कसाबसा वर ढकलला. त्या दिवसापासून मी मामांचे डोळे झालो, आणि त्यांची भीती माझी झाली.

मामा एका गिरणीत फोल्डिंग खात्यात कापड तपासायला होते. तागे पुढून सरकत जायचे आणि धागा तुटलेला, वीण चुकलेली, तेलाचा डाग पडलेला कुठे दिसतोय ते हे बघायचे. बायको-मुलं मालवणाकडे गावी. इथे लालबागच्या चाळीत गाववाल्यांबरोबर एका खोलीत राहायचे. आख्ख्या क्लबाचे ते मामा होते, पण कोणाचे सख्खे मामा होते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी एकदा त्यांना म्हटलं, "मामा, एवढे येता, तर एकदा वळून बघा ना." तर म्हणाले, "दिवसभर चुका बघण्याचाच पगार घेतंय. हय फुकट कित्याक बघू?"

पाठ का फिरवली याच्या दोन हकिकती ते सांगत. एक लोकांसाठी होती. फार वर्षांपूर्वी एका मॅचमध्ये त्यांनी जेव्हा जेव्हा मान वर केली तेव्हा तेव्हा क्लबावर गोल झाला. म्हणजे त्यांची नजर वाईट. ही हकिकत ऐकून नवी पोरं हसायची, जुनी माणसं मान डोलवायची आणि मामांना कोणी वळू देत नसे. दुसरी हकिकत त्यांनी मला एकट्याला सांगितली. त्यात हकिकत अशी काही नव्हतीच. "बघवत नाय रे," एवढंच ते म्हणाले.

भिणं हीच त्यांची क्लबावर प्रेम करायची रीत होती. इतर लोक ओरडायचे, शिव्या द्यायचे, खांद्यावर घेऊन नाचायचे. मामा भ्यायचे. मॅचच्या आधी दोन्ही खांबांना हात लावून ते हलत नाहीत ना ते बघायचे. माझ्या हातावर एक आमसूल ठेवायचे आणि दाढेखाली धरायला सांगायचे, कारण भ्यालेल्या माणसाच्या तोंडाला कोरड पडते हे त्यांना पक्कं माहीत होतं. "आज जिंकणार" असं त्यांच्यासमोर कोणी म्हणालं तर ते त्या माणसाला दोन्ही हात जोडायचे आणि गप्प बस म्हणून विनवायचे. मी सुरुवातीला या सगळ्याला हसलो. नंतर नंतर आमसूल मिळाल्याशिवाय माझे हात चालेनात.

आमच्या मैदानाच्या एका टोकाला गिरणीची उंच भिंत होती. दुसऱ्या टोकाला कमरेएवढा कठडा, त्यापलीकडे रस्ता आणि रस्त्यापलीकडे तीन मजली चाळ. मामांना हे चाळीकडचं टोक आवडायचं. चाळीच्या गॅलऱ्यांत बायका, म्हातारे, रात्रपाळीचे कामगार मॅच बघायला उभे असत. मामा मैदानाकडे पाठ करून त्यांचे चेहरे बघायचे. त्या चेहऱ्यांवरून त्यांना अर्धी मॅच कळायची आणि उरलेली अर्धी मी सांगायचो. तिसऱ्या मजल्यावरच्या एका म्हातारीने पदर तोंडाला लावला की मामा ओरडायचे, "गोली, सांभाळ!" आणि मी उडी मारायच्या तयारीत असायचो. खोटं कशाला सांगू, त्या म्हातारीने मला पुष्कळ गोल वाचवून दिले.

ते दिवसही भीतीचेच होते. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही याच्यावरून शहर पेटलेलं. मोर्चे, हरताळ, अश्रुधूर आणि त्यानंतर गोळीबार. मी गिरगावातून ट्रामने लालबागला निघालो की आई दारात उभी राहून जिन्याखालून माझी पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत आत जायची नाही. ट्राम मधेच थांबली तर सगळे उतारू एकमेकांकडे न बघता बाहेर बघायचे. कुठे दगड पडलेले, कुठे दुकानाच्या अर्ध्या फळ्या लावलेल्या. पण उघडपणे कोणी भितो असं म्हणत नसे. त्या दिवसांत छाती पुढे काढूनच चालायची पद्धत होती. सभेत, नाक्यावर, आमच्या क्लबाच्या पत्र्याच्या खोलीतसुद्धा सगळे मरायला तयार होते. एक मामा सोडून.

मामांच्या चाळीतला एक माणूस त्या गोळीबारात गेला होता. तो मोर्चात नव्हता. खाली गडबड ऐकून चाळीचा दरवाजा लावायला उतरला, कडीला हात घातला, आणि तिथेच पडला. मामा त्याच्या मागे जिन्यात उभे होते. ही गोष्ट ते कधी सबंध सांगत नसत. एकदाच, प्रॅक्टिस संपल्यावर आम्ही कठड्यावर बसलो असताना त्यांनी विषय काढला. म्हणाले, "तुका ठाऊक आसा, बंदूक खांद्याक लावली तरी माणूस लगेच मारीत नाय. लोकांका भिववूक पण लावतत. पण मारूचा असला की तो मान वाकडी करता. अशी." आणि त्यांनी आपला गाल उजव्या खांद्याकडे टेकवून दाखवला. "मान वाकडी झाली की मगे देवाचा नाव घेवचा."

त्यांचा तो गाल टेकवलेला चेहरा मला अजून दिसतो. मी विषय बदलला, कारण मला ट्रामने परत जायचं होतं.

त्याच हिवाळ्यात आमचा क्लब त्याच्या सबंध आयुष्यात पहिल्यांदा एका स्पर्धेच्या फायनलला पोहोचला. स्पर्धा आसपासच्या आळ्यांपुरती, कप हातभर उंचीचा, पण फायनल ती फायनल. मामा हा शब्द उच्चारत नसत. ते "ती मॅच" म्हणत. दंगलीमुळे ती मॅच दोनदा पुढे गेली होती. तिसऱ्यांदा तारीख ठरली तेव्हाही जमावबंदी होतीच. पण स्पर्धेच्या कमिटीने विचार केला की जमावबंदी सभेला असते, मोर्चाला असते. फुटबॉल ही काही सभा नाही. इथे कोणी भाषण करत नाही. बावीस माणसं खेळतात आणि बाकीचे नुसते उभे राहतात. हे सगळ्यांना एकदम पटलं. मलाही पटलं. आज विचार केला की अंगावर काटा येतो, कारण कठड्यापलीकडून बघणाऱ्याला तो हजारभर माणसांचा जमावच दिसणार होता.

त्यात आमच्या क्लबाची एक रीत होती. गोल केला की डबा उडवायचा. तुपाचा रिकामा डबा, त्याखाली सुतळी बॉम्ब, आणि वातीला लावायला पेटता काथ्या. धाड्‌ करून डबा चाळीच्या पहिल्या मजल्याएवढा उडायचा. पाळीवर असलेल्या कामगारालासुद्धा गिरणीत कळायचं की आपला गोल झाला. एरवी एकच डबा असायचा. आमचे गोलच तितके व्हायचे. पण फायनलसाठी पोरांनी मैदानाच्या चारी बाजूंना डबे मांडून ठेवले.

मामांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मॅच सुरू व्हायच्या आधी ते एकेका डब्यापाशी गेले. मी खांबाशी आमसूल चघळत उभा होतो, तिथून मला दिसत होतं. आमच्या क्लबाचे सेक्रेटरी एका डब्याशीच उभे होते, ते मोठमोठ्याने बोलत होते म्हणून ऐकूही येत होतं.

"आज डबे नकोत," मामा म्हणाले.

"का हो मामा?"

"बंदुकीसारखो आवाज येता."

"मग येऊ दे की. आपण काय बंदुकीला भितो?"

"मी भितंय," मामा म्हणाले.

सगळे हसले. कोणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली. सेक्रेटरी म्हणाले, "मामा, तुम्ही आपलं भिंतीकडे तोंड करून उभे राहा. गोल झाल्यावर आम्ही तुम्हाला हलवून सांगू." मामा परत आले आणि गिरणीच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मॅचचं मी फार सांगत नाही. समोरचे आमच्यापेक्षा चांगले होते. पहिल्या हाफमध्ये मी इतक्या वेळा जमिनीवर पडलो की कोपरांची सालं गेली. पण गोल झाला नाही. दुसऱ्या हाफला आमचा गोल चाळीच्या बाजूला आला. मामा येऊन मागे उभे राहिले. उन्हं उतरत होती. समोरचे दमले, आमची माणसं जरा पुढे सरकली, आणि लोकांचा आवाज वाढायला लागला. मैदानाच्या दोन्ही लांब बाजूंना माणसांची भिंत झाली होती. आमच्या मागे कोणीच नव्हतं. जो तो गिरणीकडच्या टोकाला धावला होता, कारण गोल झाला तर तिकडे होणार होता.

"काय झाला रे?"

"आपण चढतोय, मामा."

"देवा."

आणि तेवढ्यात समोरच्या टोकाला त्यांच्या बॅकने आमच्या सेंटर फॉरवर्डला उभाच्या उभा आडवा केला. रेफ्रीने शिट्टी मारली आणि फक्कीने काढलेल्या ठिपक्याकडे बोट दाखवलं. पेनल्टी. वेळ संपतच आली होती. लोकांनी अशी आरोळी ठोकली की माझ्या पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटली. मी आनंदाने ओरडलो, "मामा, पेनल्टी! आपल्याला पेनल्टी!"

मी मागून उसाशाची वाट बघितली.

"मामा?"

"गॅलऱ्ये रिकामे झाले," मामा हळूच म्हणाले.

मला कळेना. सगळ्या मुंबईने बघावी अशी ही घटका, आणि चाळीतली माणसं आत गेली? मागून दारं लागल्याचे आवाज आले. एक, मग दुसरं, मग एकदम पुष्कळ. खिडक्याही. मी वळणार तोच मामांचा हात माझ्या मानेवर पडला. तो हात थंडगार होता. आमच्या इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या अंगाला कधी हात लावला नव्हता.

"मागे बघू नको," ते म्हणाले. "तू बघलंस की सगळे बघतीत. बघले की पळतीत, नायतर दगड घेतीत. कोणाक काय बोलू नको. उभो रव."

आणि मामा मैदानात शिरले.

मी मागे बघितलं. बघितल्याशिवाय राहवेना. बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि काखेखालून. रस्त्यावर पोलिसांची लॉरी उभी होती. कठड्यामागे हत्यारी पोलीस ओळीने उभे राहत होते. त्यांच्यापुढचा अधिकारी अगदी तरुण होता, माझ्याच वयाचा असेल. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो ओरडणाऱ्या जमावाकडे बघत होता आणि रुमालाने मान पुसत होता. बंदुका खांद्याला लागलेल्या होत्या. आणि ओळीतल्या दोघांच्या माना वाकड्या झाल्या होत्या.

मी पुन्हा समोर बघायला लागलो. त्या बंदुकांच्या आणि जमावाच्या मध्ये मी एकटाच होतो, हिरवी जर्सी घालून, दोन खांबांच्या मधोमध. माझ्या पाठीचा प्रत्येक मणका मला वेगवेगळा जाणवत होता. मी आयुष्यात पुढे पुष्कळदा भ्यालो, पण त्या दिवसाइतका कधीच नाही.

समोर मामा धावत होते. मामांना धावताना कोणी कधी पाहिलं नव्हतं. एका हाताने टोपी धरलेली, धोतराचा सोगा सुटलेला, मैदानाच्या बरोबर मधून ते चालले होते. लोकांना वाटलं, म्हातारा आनंदाने खुळावला. कोणीतरी शीळ घातली. चारी बाजूंना डब्यांपाशी पोरं उकिडवी बसली होती आणि काथ्यांचा धूर निघत होता. एका डब्याकडे जाऊन काही होणार नव्हतं. एकाला थांबवलं तरी बाकीचे उडालेच असते. थांबवायचा तर गोलच थांबवायला हवा होता. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं, आणि मामा काय करणार तेही आलं, आणि मला रडू फुटलं.

आमच्या सेंटर फॉरवर्डने बॉल ठिपक्यावर ठेवला, चार पावलं मागे गेला. तो धाव घेणार तेवढ्यात मामा पोहोचले आणि बॉलवर बसले.

नुसते बसले. मांडी घालून, बॉल पोटाखाली घेऊन, दोन्ही हातांनी त्याला मिठी मारून. क्षणभर मैदान चिडीचूप झालं. मग रेफ्रीची शिट्टी, मग शिव्या. आमचीच माणसं धावली. "उठा मामा!" "म्हाताऱ्याने पैसे खाल्लेत!" "ओढा त्याला!" सेक्रेटरींनी त्यांचे खांदे धरून ओढलं. मामांनी तोंडातून एक अक्षर काढलं नाही. त्यांनी एकदा जरी "पोलीस" म्हटलं असतं तर लोकांनी त्यांना सोडलं असतं, पण मग ते सगळे मागे वळले असते. कोणीतरी लाथ मारली. मला लांबून नीट दिसत नव्हतं, पण टोपी उडालेली दिसली. दुसरी लाथ. तिसरी. मामा बॉल सोडेनात.

तेवढ्यात कोण्या एकाला हसू आलं. कारण काही असो. म्हातारा माणूस, सुटलेलं धोतर, कोंबडी अंड्यावर बसावी तसा बसलेला. त्याचं हसू शेजाऱ्याला लागलं आणि बघता बघता ते मैदानभर पसरलं. काही शिव्या घालत होते, बाकी सारे पोट धरून हसत होते.

माझ्या मागे बूट वाजले. तो तरुण अधिकारी कठडा ओलांडून माझ्यापाशी आला होता.

"काय चाललंय तिकडे?"

माझ्या तोंडाला कोरड पडली होती. मी म्हटलं, "काही नाही साहेब. एक म्हातारा बॉलवर बसलाय."

"बॉलवर?"

"हो. उठतच नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग मैदानाकडे, आणि मग वळून आपल्या माणसांना तेच सांगितलं. ओळीतला एक हवालदार खो खो हसला. बंदुका खाली आल्या. मी खांबाला धरलं.

पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. पोलीस लाठ्या घेऊन मैदानात आले, जमावबंदी आहे, घरी जा म्हणाले, दोन-चार जणांच्या पोटऱ्यांवर लाठ्या बसल्या, डबे लाथाडले गेले. मॅच तिथेच संपली. आमच्या माणसाने खेळ बिघडवला म्हणून कमिटीने कप समोरच्या क्लबाला दिला. आणि लालबागेत बोलवा झाली की मामांनी तमाशा केला, म्हणून पोलीस आले.

मी सांगितलं. त्याच संध्याकाळी क्लबाच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं की पोलीस आधी आले होते, बंदुका लावल्या होत्या, माना वाकड्या झाल्या होत्या. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, बंदुका लावल्या असत्या तर आम्हाला दिसल्या नसत्या का?" मी म्हटलं, तुम्ही पेनल्टी बघत होता. ते म्हणाले, "तुम्ही गिरगावातले लोक जरा हळवे." दुसरा म्हणाला की म्हाताऱ्याने गोलीला पण आपल्यासारखा करून ठेवला. चाळीतल्या माणसांना विचारा म्हटलं, तर चाळीतली माणसं दारं लावून आत बसली होती. त्यांनी लॉरी तेवढी पाहिली होती. शिवाय मला वाटतं, एका भित्र्या माणसाच्या भीतीमुळे आपण जिवंत आहोत हे ऐकून घ्यायची कोणाची तयारी नव्हती. मी तो क्लब त्याच महिन्यात सोडला. मामांना तर त्यांनी मैदानावर पाऊल टाकायलाच बंदी केली.

मामांची बरगडी मोडली होती. ती बांधली गेली, पण नीट जुळली नाही. थंडीत दुखायची. मी ऑफिस सुटल्यावर अधूनमधून त्यांच्या खोलीवर जायचो. आम्ही क्लबाबद्दल बोलत नसू. पण मॅचच्या दिवशी ते खोलीतल्या भिंतीकडे तोंड करून बसलेले असत, आणि क्लब हरला की त्यांना कोणी न सांगता कळायचं. "आज काय खरा नाय," म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात शोधलं तर आमच्या क्लबाचं नावच नसायचं, एवढा तो क्लब लहान होता.

अखेर महाराष्ट्र झाला. मुंबईसकट झाला. त्या संध्याकाळी गिरगावात आणि लालबागेत पाय ठेवायला जागा नव्हती. दिव्यांच्या माळा, गुलाल, पेढे. आणि फटाके. कोणाची भीती नसलेले फटाके मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी पेढ्यांचा पुडा घेऊन मामांकडे गेलो. खोलीतले सगळे रोषणाई बघायला गेले होते. मामा खाटेवर पडून होते. ते बरेच खंगले होते. गिरणी सुटली होती, आणि दोन-चार दिवसांत कोणीतरी त्यांना गावी पोहोचवणार होतं. ते परत येणार नाहीत हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. बाहेर सुतळी बॉम्ब वाजला की त्यांचं सगळं अंग दचकायचं. मी उठून खिडकी लावली. त्यांनी अर्धा पेढा खाल्ला.

"झाला म्हणजे महाराष्ट्र," ते म्हणाले.

"झाला, मामा."

"बरा झाला."

मी उरलेला पुडा बांधून त्यांच्या उशाशी ठेवला. मग त्यांनी माझा हात धरला. चार वर्षांत जे कधी काढलं नव्हतं ते त्यांनी काढलं.

"गोली, खरा सांग. तो पेनल्टीचो बॉल आत गेलो असतो काय रे?"

आमच्या सेंटर फॉरवर्डला मी मागे एकदा हेच विचारलं होतं. तो म्हणाला होता, कुणास ठाऊक, माझे पाय लटपटत होते. म्हणजे खरं उत्तर कोणाकडेच नव्हतं. बाहेर गेला असता म्हणावं, तर मामांनी क्लबाचं काहीच नुकसान केलं नव्हतं. पण मग डबे उडाले नसते, आणि मामांनी बरगडी फुकट मोडून घेतली होती. आत गेला असता म्हणावं, तर त्यांनी त्या दिवशी किती माणसं वाचवली याचा हिशोब नव्हता. पण मग ज्या क्लबासाठी ते जन्मभर भ्याले त्याचा एकुलता एक कप त्यांनी आपल्या हातांनी घालवला होता. ते माझ्याकडे बघत होते. मैदानावर नेहमी मी त्यांना बॉल कुठे आहे ते सांगत आलो होतो आणि त्यांनी माझ्या शब्दावर कधी शंका घेतली नव्हती.

"गेला असता, मामा," मी म्हटलं. "उजव्या कोपऱ्यात. जमिनीलगत. गोलीला हलताच आलं नसतं."

मामांनी डोळे मिटले.

"मगे बरा केलंय," ते म्हणाले.

बाहेर पुन्हा फटाके वाजले. या वेळी ते दचकले नाहीत. मिटलेल्या डोळ्यांच्या कडांतून पाणी येऊन उशीवर उतरत होतं, आणि माझा हात त्यांनी सोडला नव्हता.

"बरो गोल होतो रे," मामा म्हणाले.